बाजूला बसून एक पिक्चर

अन्वर ऑपरेटर घरात टीव्ही बघायचा नाही, टीव्हीची झडती घ्यायचा. "हा रंग बघ, सगळ्यांना कावीळ झालीय," म्हणायचा. "आवाज ओठांच्या मागे राहिलाय, कोणाला दिसत कसं नाही?" मग रिमोट खाटेवर टाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा आणि विडी पेटवायचा. त्याची बायको खातून उरलेला पिक्चर एकटी बघायची, नाहीतर टीव्ही बंद करून लसूण सोलायला घ्यायची. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या दोघांनी शेजारी बसून एक पिक्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नव्हता. धुळ्याच्या त्या गल्लीत हे कोणाला खरं वाटलं नसतं, कारण पिक्चर दाखवण्यापलीकडे अन्वरने आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं. अख्ख्या खानदेशाला दाखवले. बायकोला बाजूला बसून दाखवायचा तेवढा राहून गेला.

लग्नाच्या आधीपासून तो लीलाधरशेठच्या टुरिंग टॉकीजवर होता. ट्रकभर सामान, बारा माणसं, एक मशीन, एक जनरेटर. दिवाळी झाली की निघायचं ते वैशाखापर्यंत. आज अमळनेर, उद्या चोपडा, मग सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार. तंबू नावालाच असायचा. जत्रा मोठी असली की शेठ तिन्ही बाजूंच्या कनाती उचलायला लावायचा, आणि मग बाहेर वावरात बैलगाड्या लागायच्या. त्या लावायचीही एक रीत होती. गाडीचं मागचं तोंड पडद्याकडे करायचं, बैल सोडायचे, जू जमिनीला टेकवायचं. पुढून गाडी खाली बसली की मागून आपोआप वर उचलली जायची, आणि आत गोधडी टाकून आडव्या झालेल्या माणसाची नजर बरोबर पडद्यावर जायची. म्हातारी माणसं, बाळंतिणी, ताप आलेली पोरं, सगळ्यांची सोय. ज्याला तंबूत मांडी घालून बसवत नव्हतं त्यालाही पिक्चर दिसत होता, आणि घरची चटणी-भाकर सोबत. अमेरिकेत मोटारीत बसून पिक्चर बघायची पद्धत नव्वद वर्षांपूर्वी निघाली, आजाऱ्यांना आणि लेकुरवाळ्यांना तिचं फार कौतुक होतं, असं पुढे कधीतरी पेपरात आलं होतं. तेव्हा अन्वर चहाच्या टपरीवर मोठ्याने हसला होता. "आपल्याकडे पिक्चर बघायला आधी बैल सोडावे लागायचे. फरक एवढाच!"

खातून चोपड्याकडच्या एका खेड्यातली, पिंजाऱ्याची मुलगी. बाप कापूस पिंजायचा. घरातही सगळे खानदेशीच बोलायचे, आणि शहरात इतकी वर्षं काढूनही तिची बोली हलली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती मामाच्या गाडीतून जत्रेला आली. अन्वर मशीन सोडून दोन मिनिटं गाडीपाशी आला आणि म्हणाला, "पहिलं रीळ लागलं की येतो. जागा ठेव." तिने शेजारी शाल अंथरून जागा ठेवली. मामीने तिथे पाय पसरले तर तिने मामीचे पाय बाजूला केले.

तो आला नाही. त्याला येताच येत नव्हतं, हे तिला पुढे कळलं. त्या मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या तोंडाला तोंड लावून जळायच्या, आणि जळता जळता आखूड व्हायच्या. त्यांच्यातलं अंतर हाताने सारखं सांभाळावं लागे. नजर जरा हलली की उजेड तांबडा पडायचा आणि हजार माणसं एकदम ओरडायची. खेळ संपून बैल जुंपायला लागले तेव्हा तो धावत आला, हात काळे, डोळे लाल. "पुढच्या जत्रेला नक्की," म्हणाला. पुढच्या जत्रेला उमर पोटात होता. मग माहेनूर झाली. मग टुरिंग टॉकीज बसली आणि तो धुळ्यातल्या एका थिएटरात लागला, तिथेही मशीनच्या केबिनमध्येच. मग ते थिएटरही बंद पडलं आणि अन्वर पंखे, मिक्सर दुरुस्त करायला लागला. तोवर खातूनचे गुडघे गेले होते. मॉलमधल्या सरकत्या जिन्याला ती घाबरायची. आणि खरं सांगायचं तर अन्वरलाही घाई नव्हती. बायको कुठे पळून चाललीय, असं त्याला वाटत होतं.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी खातूनची पाठ दुखायला लागली, आणि दसऱ्यापर्यंत कळलं की पोटातला कॅन्सर मणक्यात उतरला आहे. डॉक्टरांनी फाइल बंद करून अन्वरच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता घरी न्या. दुखणार नाही एवढं बघा." तिला बसवत नव्हतं. आडवं पडूनसुद्धा एकाच कुशीवर, पाठीला उशी देऊन. मुलगा उमर सुरतेहून येऊन आठ दिवस राहून परत गेला. मुलगी माहेनूर सासर सोडून मालेगावहून आली ती राहिलीच.

एका दुपारी माहेनूरने आईच्या पायाला तेल लावता लावता विचारलं, "अम्मी, काही करावंसं वाटतं का? काही खायचंय?"

तिला वाटलं, अम्मी शेवयांची खीर म्हणेल, नाहीतर उमरला बोलाव म्हणेल. खातूनने दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुना अब्बासंगे एक पिक्चर देखना शे. बाजूले बशीसन."

माहेनूर हसली आणि हसता हसता रडायला लागली. अन्वर दारात पंख्याची मोटर उघडून बसला होता. त्याने ऐकलं. त्याने हातातला पेचकस खाली ठेवला आणि उगीचच चप्पल घालून बाहेर निघून गेला. माणसाला आपली चूक पंचेचाळीस वर्षांनी ऐकू आली की त्याला घरात बसवत नाही.

मार्ग काढला तो शेजारच्या राजदीपने. राजदीपची शाळेच्या मुलांची व्हॅन होती. तो म्हणाला, "चाचा, जळगावच्या अलीकडे, पाळधीच्या इकडे एका लॉन्सवाल्याने गाडीत बसून पिक्चर बघायचं सुरू केलंय. लग्नाचा सीझन नसतो तेव्हा रिकाम्या लॉनवर. मोठा पडदा आहे, आवाज गाडीतल्या रेडिओवर येतो. मी मागच्या सीटा काढतो, गादी टाकू. चाचीला उठायचं कामच नाही."

अन्वरने दोन्ही हातांनी राजदीपचा हात धरला, आणि इतका वेळ धरला की राजदीपच लाजला.

शनिवार ठरला. शनिवारी तिथे जुने पिक्चर लावत. त्या शनिवारचा पिक्चर अन्वरने स्वतः एके काळी सारंगखेड्याला ओळीने नऊ दिवस चालवला होता. त्याने सगळा बेत कागदावर लिहिला. दुखण्याच्या गोळीचा अंमल चार तास. खेळ साडेसहाला. म्हणजे गोळी सहाला द्यायची, तिथे पोचल्यावर. जाताना दीड तास तिला सोसावं लागेल. येताना एरंडोलपर्यंत बरं जाईल, पुढे अल्ला मालिक. त्याने व्हॅनमध्ये गादी टाकली, तिच्यावर स्वतः आडवा झाला, आणि राजदीपला गल्लीतून दोन चकरा मारायला लावल्या. खड्डा कुठे लागतो, डोकं कुठे आपटतं, सगळं पाहिलं. उशा चार घेतल्या. इतकी तयारी त्याने लीलाधरशेठच्या मशीनचीच फक्त केली असेल.

निघताना माहेनूर चप्पल घालून तयार होती. खातूनने मान हलवली. "तू घर ऱ्हाय. आम्ही दोन्ही जासूत."

"अम्मी, काही लागलं तर?"

"तुना अब्बा शेत ना," खातून म्हणाली.

माहेनूरने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास नव्हता. तिने पाण्याची बाटली, गोळी, जाड दुलई आणि एक जुनी चादर दिली आणि व्हॅनचं दार स्वतः लावलं.

रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत होता, तरी पुलांच्या सांध्यांवर व्हॅन उडायची आणि प्रत्येक वेळी खातून दात ओठात रोवायची. अन्वर मागे तिच्या शेजारी उकिडवा बसला होता. पारोळ्याला तिने विचारलं, "कोनता पिक्चर शे?" त्याने नाव सांगितलं. "त्यामा शेवट गोड शे का?" त्याने सांगितलं, गोड आहे. ते खरं होतं. एरंडोल येईपर्यंत तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली होती.

लॉन्सच्या फाटकावर कोट घातलेल्या माणसाने व्हॅन अडवली. आत पन्नास-साठ गाड्या ओळीने लागत होत्या, सगळ्या तोंड पडद्याकडे करून. मातीचे लांब उंचवटे केले होते, त्यांवर पुढची चाकं चढवायची. राजदीप म्हणाला, "आम्हाला उलटी लावायचीय. मागचं दार पडद्याकडे."

"तसं चालत नाही. सगळ्यांनी सरळच लावायची."

अन्वर खाली उतरला. "भाऊ, समोरून तिला काय दिसणार? सीटांच्या पाठी दिसतील. मागची चाकं उंचवट्यावर चढवतो, डिकीचं दार वर करतो. तुम्ही ही पद्धत काल आणलीत. मी हे लहानपणापासून बघतोय."

कोटवाल्याने बॅटरी मारून आत पाहिलं. खातूनचा चेहरा दिसल्यावर त्याने बॅटरी लगेच विझवली. "शेवटच्या ओळीत, कंपाउंडच्या कोपऱ्यात लावा," म्हणाला. "तिकडे कोणी नसतं. कोणाला अडचण नको."

जागा वाईट नव्हती. राजदीपने व्हॅन उलटी चढवली, मागचं दार वर उचललं, आणि समोर तो पडदा दिसला. अन्वरने असा पडदा बघितला नव्हता. दोन मजली घराएवढा, पांढराशुभ्र. चार उशा एकीवर एक रचून त्याने खातूनचं डोकं उंच केलं, कारण उंचवट्यामुळे गादीचा उतार डोक्याकडे होता. गोळी दिली, दुलई गळ्यापर्यंत ओढली. राजदीपने रेडिओ लावून दिला, आवाज मोठा केला, आणि त्याला या दोघांमध्ये थांबणं बरं वाटेना. "चाचा, मी फाटकापाशी चहाच्या टपरीवर आहे. लागलं तर फोन करा," म्हणून तो गेला.

पडद्यावर उजेड पडला. अन्वर गादीच्या कडेला खातूनला लागून बसला. थंडी मस्त पडली होती. पहिलं गाणं लागलं तेव्हा खातूनने दुलईतून हात काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. आता एवढ्या वयाच्या माणसांनी असं काही करायचं नसतं, पण बघायला होतं कोण.

"उनात ना तुम्ही," ती म्हणाली. तिला म्हणायचं होतं, आलात ना शेवटी. तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात तरुण दिसत नव्हता. तो आजाऱ्याचाच दिसत होता, पण सुखी दिसत होता. अन्वरने तिच्या हातावर आपला हात ठेवला. त्याला वाटलं, अल्लाने आपल्याला माफ केलं.

दहा मिनिटं तो असा बसला. उभ्या आयुष्यात पिक्चरसमोर तो स्वस्थ बसला ती एवढी दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला त्याला दिसलं की डावी बाजू पुसट आहे.

त्याने डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. उजवीकडचा माणूस कोरीव, डावीकडच्या बाईचं नाक कुठे आणि डोळा कुठे. खालच्या कोपऱ्यात तर सगळं दुधाळ. साठ गाड्या, दोनशे माणसं, आणि एकालाही कळू नये? कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. त्याचा पाय हलायला लागला. खातूनला गादीतून ते जाणवलं.

"काय व्हयनं?"

"काही नाही. फोकस गेलाय डावीकडे."

"माले तं बठ्ठं साफ दिखी ऱ्हायनं."

"तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तुला काय कळणार?"

मग एक जवळचा चेहरा आला, पडदाभर, आणि अर्धा चेहरा वितळलेला. अन्वर उठला. पायात चप्पल घालता घालता त्याने स्वतःला जे सांगितलं ते असं, की हिने जन्मात एकदा बघायचा, आणि तोही पुसट बघायचा? माणूस स्वतःशी खोटं बोलतो तेव्हा बरोबर दुसऱ्याच्या भल्याचं बोलतो.

"जाऊ नका ना," खातून म्हणाली.

"दोन मिनिटं. हा गेलो आणि हा आलो."

केबिन म्हणजे माल वाहायच्या दोन लोखंडी डब्यांवर चढवलेली पत्र्याची खोली होती. आत एक मुलगी होती, पंचविशीतली, कानटोपी घातलेली, समोर लॅपटॉप. तिने आपलं नाव प्राची सांगितलं. जळगावला शिकली, हे सगळं तीच बघते म्हणाली. अन्वरला वाटलं होतं, ती हाकलून देईल. तिने खुर्ची दिली.

"काका, फोकस ऑटो असतो. मी संध्याकाळी चेक केलाय."

"बेटा, मशीनने चेक केलाय. डोळ्याने केलास का? डावा खालचा कोपरा बघ."

तिने खिडकीतून डोकं काढून बघितलं. बराच वेळ बघितलं. "अरे हो," म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "मला सहा महिन्यांत कोणी बोललंच नाही."

तिने लॅपटॉपवर काहीतरी केलं, पडद्यावरचं चित्र आत-बाहेर झालं, पण डावी बाजू तशीच. अन्वर नाक वर करून हुंगत होता. तळणाचा वास. त्याने खाली वाकून पाहिलं तर केबिनच्या भिंतीला चिकटूनच भज्यांची कढई होती, आणि तिचा धूर सरळ मशीनसमोरच्या काचेवर येत होता. सहा महिन्यांचं तेल. त्याला इतका आनंद झाला की त्याने टाळी वाजवली. काच बाहेरून पुसायची तर शिडी हवी. शिडी स्टोअरमध्ये. स्टोअरची चावी कोटवाल्याकडे. प्राची चावीला धावली. ती येईपर्यंत अन्वर मशीनपाशी उभा राहिला, आणि त्याच्या पोटरीला मशीनची ऊब लागली. पंधरा वर्षांत लागली नव्हती.

शिडी आली. एकाहत्तर वर्षांचा माणूस वर चढला. आधी रद्दी पेपर, मग हात धुवायचं स्पिरिट, मग पुन्हा कोरडा पेपर. खाली उतरून त्याने प्राचीला सांगितलं, आता डाव्या कोपऱ्यावर नजर ठेव आणि फोकस हळूहळू फिरव, आपल्या श्वासाएवढं हळू. तिने फिरवलं. चित्र लखलखलं. पडद्यावरच्या बाईच्या कानातली कुडी दिसली, कुडीतला खडा दिसला.

"काका, तुम्ही काय करायचात?" प्राचीने विचारलं. तिने विचारलं ते खरंच विचारलं, तिचे डोळे चमकत होते. आणि अन्वरला आजवर हे कोणीच विचारलं नव्हतं. ना उमरने, ना माहेनूरने, ना गल्लीतल्या कोणी. तो सांगायला लागला. कार्बनच्या कांड्या, तांबडा उजेड, तापीच्या काठची थंडी, एका जत्रेत जनरेटर पेटला तेव्हा ओल्या गोधड्या टाकून विझवला ते. प्राचीने चहा मागवला. मध्येच ती म्हणाली, हे मी रेकॉर्ड करू का? तिने मोबाइल समोर धरला. त्याने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, यावेळी नीट, तारखांसकट.

चहाचा कप खाली ठेवताना त्याची नजर पडद्यावर गेली. पडद्यावर शेवटची पंचायत बसली होती. त्याला रीळ पाठ होतं. म्हणजे तो इथे येऊन दोन तास झाले होते, आता वीस मिनिटं उरली होती.

तो ओळींमधून धावला. दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या काचा वर होत्या, आत बारीक निळे दिवे, माणसं हसत होती, खात होती, आवाज बाहेर येत नव्हता. लांबूनच तो ओरडला, "बघितलंस का, खातून? आता बघ कसा आलाय! कुडीतला खडा दिसतो!" रेडिओवर जोरजोरात संवाद चालू होता.

गादीवर त्याला आधी दुलईच दिसली. मग पाय. चारही उशा उतारावरून मागे, पुढच्या सीटांखाली सरकल्या होत्या, आणि त्यांच्या मागोमाग खातून घसरून दोन सीटांच्या मध्ये अडकली होती. मान एका बाजूला दबलेली. पाय उंच, डोकं खाली. डोळे उघडे होते आणि व्हॅनच्या पत्र्याच्या छताकडे लागले होते. तिला तेवढंच दिसत होतं. गादी ओली झाली होती.

त्याने तिला खांद्याखाली हात घालून वर ओढलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याने याआधी, दवाखान्यातसुद्धा, ऐकला नव्हता. त्याने रेडिओ बंद केला. एकदम सगळीकडे शांत झालं. समोर पडद्यावर माणसं तोंड हलवत होती.

"कितला आवाज दिधात मी," ती म्हणाली. हाका मारून मारून तिचा घसा पार बसला होता. "कोणी नही उनं."

"खातून, मी... काचेवर तेल होतं. त्यामुळे..."

"व्हयनं का काम?"

तिने रागाने विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. घरी जेवायला उशीर झालेल्या माणसाला विचारतात तसं तिने विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

त्याने चादर बदलली. तिला पुसलं. उशा कडेला लावल्या आणि यावेळी उशांच्या जागी स्वतः बसला, तिची पाठ आपल्या छातीला टेकवून, म्हणजे आता सरकायचं कामच नाही. दोन्ही हातांनी तिला धरलं. पडदा समोर होता, डावीकडे उजवीकडे सारखा, धुतल्यासारखा. पंधरा मिनिटं उरली होती. सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं. यातच तर सगळे परत एकमेकांना भेटतात. त्याने हात लांब करून रेडिओ हळू आवाजात लावला.

"बघ ना आता," तो तिच्या कानाशी म्हणाला. "मी आहे. बाजूलाच आहे."

त्याने वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

"झोपलीस का?"

"नही."

"मग बघ ना, खातून. थोडाच राहिलाय."

"तुम्ही देखा," ती म्हणाली.

तो तिला डोळे उघड म्हणाला. हात जोडून म्हणाला. मागच्या गोष्टी आठवून द्यायला लागला, मामाची गाडी, अंथरलेली शाल. तिच्या पापण्या हलल्या नाहीत. एकदा त्याला वाटलं की संपलं सगळं, आणि त्याने घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता, नीट चालू होता. ती नुसती बघत नव्हती. पिक्चर गोड होऊन संपला, पडदा पांढरा झाला, गाड्यांनी हॉर्न वाजवले आणि एकेक करून निघायला लागल्या. केबिनच्या खिडकीतून प्राचीने त्याला हात केला. त्याने हात वर केला नाही.

राजदीप आला आणि म्हणाला, "काय चाची, कसा होता पिक्चर?" मग त्याने ओल्या चादरीकडे पाहिलं, अन्वरकडे पाहिलं, आणि मुकाट्याने मागचं दार लावून घेतलं.

परतीच्या रस्त्याला अन्वर तिच्या शेजारी बसून होता. पुलांच्या सांध्यांवर तिने त्याची बाही धरली नाही, गादीची कड धरली. त्याने दोनदा तिचा हात हातात घेतला. तिने काढून घेतला नाही, पण तो हात नुसता ठेवल्यासारखा होता. माफी मागायची त्याने मनात चार वेळा जुळवाजुळव केली, आणि प्रत्येक वेळी त्यात काचेवरचं तेल येत होतं. अजूनही त्याला वाटत होतं की तेल पुसायलाच हवं होतं. हे वाटणं जात नव्हतं, आणि ते जात नाही म्हणून त्याला स्वतःची किळस आली. एरंडोल गेलं. गोळीचा अंमल उतरत चालला होता. ती कण्हायला लागली तेव्हा त्याने झाकण उघडून बाटली तिच्या ओठांशी धरली. तिने मान वळवली.

पारोळ्याच्या पुढे आल्यावर तिने पाणी मागितलं. "राजदीप भाऊ," ती म्हणाली, "गाडी जरा थांबाडा. माले पाणी पाजा."

राजदीपने गाडी कडेला घेतली, उतरून मागे आला, आणि अन्वरच्या हातातली बाटली घेऊन तिला पाणी पाजलं.